मामा दारात आले की

"पानी द्या की आदी," असं म्हणून मामा उंबऱ्याच्या आत टेकले की समजायचं, कुणीतरी गेलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवायची, तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायचं, मिशा पुसायच्या आणि विचारायचं, "काय म्हंतीया ज्वारी औंदा?" मग पावसाचं, म्हशीचं, थोरल्याच्या शाळेचं सगळं बोलून झालं की अगदी उठता उठता, "बरं, जरा सोलापूरला जाऊन येऊ चला. आईला कणकण हाय. आटवन काढत्यात." ती आठवण काढणारी आई तोवर अंगणात चादरीखाली असायची.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हबकलेच.

मी रत्नागिरीकडची. लग्न होऊन सोलापुरात आले ती शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत. हे रेल्वेत, मी मुलींच्या शाळेत. आमच्याकडे माणूस गेलं की गडग्यापलीकडून हाक मारून सांगतात, "अगो, तात्या गेले हो." ऐकणारा मटकन खाली बसतो, पण त्याला कुणी फसवत नाही. इथे एक धडधाकट, शहाणासुरता माणूस सबंध पेठेच्या वतीने गावोगाव जाऊन खोटं बोलत होता आणि सगळे त्याला मान देत होते.

मामा भुसार अडतीवर मापाडी होते. ज्वारी मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ झाला की मग दोन, तीन. त्यांचा आवाज चांगला खणखणीत होता, आमच्या शाळेच्या प्रार्थनेला उसना मागावा असा. तालुक्यातालुक्यातले शेतकरी त्यांच्या मापासमोरून जायचे, त्यामुळे कुठल्या गावाला कुठली गाडी, फाट्यापासून किती चालायचं, कुणाची सोयरीक कुठं, हे सगळं त्यांना ठाऊक. तारेवर पेठेचा भरवसा नव्हता. तार इंग्रजीत यायची, खेड्यात ती वाचणार कोण, आणि वाचणारा सापडेपर्यंत इकडे माती होऊन जायची. म्हणून गल्लीत काही वाईट घडलं की पहिला निरोप अडतीवर जायचा. मामा माप दुसऱ्याच्या हातात द्यायचे, टोपी नीट करायचे आणि एसटी स्टँडकडे चालायला लागायचे.

जिथे जातील तिथली बोली ते बोलायचे. अक्कलकोटकडे गेले तर उंबऱ्यातच कानडीत पाणी मागायचे, "नीर कोडरी." विणकरांच्या घरी तेलुगू. मुसलमानांच्या मोहल्ल्यात, "अम्मा की तबियत जरा नरम हय, चलते क्या?" मंगळवेढ्याकडे तर त्यांचं स्वतःचंच गाव, तिथे ते नुसते हुं हुं करत अर्धं बोलायचे आणि समोरचा उरलेलं समजून घ्यायचा. मी त्यांना एकदा म्हटलं होतं, "मामा, तुम्ही पाच भाषांत खोटं बोलता." ते हसले. "भाषा पाच हायत बाई. बोलतोय येकच."

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, पण त्याची धास्ती इतकी असेल असं वाटत नाही. मामा गल्लीतून चालले की भिंतीकडेने कधी चालत नसत, बरोबर मधून चालायचे. कुणाच्या दारासमोर चप्पल सुटली तरी थांबायचे नाहीत, तशीच फरफटत कोपऱ्यापर्यंत नेऊन तिथे अंगठा बसवायचे. थांबले तर आतली बाई हातातलं भांडं टाकेल, हे त्यांना माहीत होतं. गप्पा मारायच्या तर गल्लीच्या तोंडाशी पानाच्या टपरीपाशी. हळदीकुंकवाला, बारशाला बायका त्यांना घरी बोलवत नसत, डबा मात्र न चुकता खोलीवर पोचवत. त्यांना त्याचं वाईट वाटत असेल का, हे मी कधी विचारलं नाही. चेहऱ्यावरून तरी दिसलं नाही.

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्याचीही हकिगत आहे. ती पेठेत इतक्या जणांकडून ऐकली की खरीच असणार. तरुणपणी ते मोहोळकडे मुलगी बघायला गेले. बरोबरचे दोन वडीलधारे मागे बैलगाडीत, हे उत्साहाने पुढे. दारात जाऊन टोपी काढली आणि सवयीने म्हणाले, "पानी द्या की आदी." त्या घराची एक लेक सोलापुरात दिलेली. मुलीच्या आईने मामांकडे बघितलं आणि जी किंकाळी फोडली, ती ऐकून शेजारपाजारच्या बायाही धावत आल्या आणि रडायला लागल्या. मामा बिचारे सांगताहेत, "आवो कोन न्हाय गेलं, मी पोरगी बगाया आलोय," पण ते तर नेहमीच असं काहीतरी सांगतात, त्यामुळे कुणी विश्वास ठेवीना. मागची बैलगाडी पोचून खुलासा झाला तोवर मुलगी रडून रडून आजारी पडायच्या बेताला आली होती. त्या घराने नकार दिला आणि मामांनी पुन्हा कुठे मुलगी बघितली नाही.

मी ज्याने हबकले तो प्रसंग सांगायचा राहिलाच. मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. कोपऱ्यावरच्या घरातली म्हातारी रविवारी सकाळी गेली. तिची लेक टेंभुर्णीजवळच्या खेड्यात दिलेली. लेक एकटी, नवरा कामाला परगावी, तेव्हा मामा म्हणाले, "बाईमानूस संगं आसंल तर बरं." मला सुट्टी होती. मी गेले.

लेकीने पाणी दिलं. मामांनी कांद्याचं विचारलं, नव्या विहिरीचं विचारलं. तिने भाकरी थापली, आम्हाला वाढली, आणि मामा चक्क जेवले. ठेचा झकास झालाय म्हणाले. मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसले. ही बाई आईच्या मरणाच्या निरोप्याला वाढतेय आणि तो मागून घेतोय. उठता उठता मामांनी कणकणीचं सांगितलं. लेक म्हणाली, "व्हय का. मग चला की." तिने शेजारणीला म्हशीची धार सांगितली, दोन लुगडी बोचक्यात बांधली, कडी घातली. एसटीत मामांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. तिने टरफलं खिडकीबाहेर टाकत त्या खाल्ल्या आणि मला माझ्या माहेरचं विचारलं. समुद्र लई मोठा असतोय का, म्हणाली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मामा थांबले. टोपी काढून म्हणाले, "आक्का, आई गेली तुमची." ते वाक्य पुरं व्हायच्या आत तिने बोचकं टाकलं आणि धावत सुटली. तिचा तो आवाज मी विसरू शकत नाही.

दहाव्यानंतर मी तिला विचारलं, आईला बरं नाही एवढंच समजून तू आलीस, मनाला किती लागलं असेल. ती माझ्याकडे बघतच राहिली. "समजून कशी? मामा दारात आल्यालं बगताच कळलं की मला."

मग भाकरी, म्हैस, शेंगा, समुद्र? हे सगळं माहीत असताना? मी तरातरा पानाच्या टपरीवर गेले आणि मामांना जाब विचारला. त्यांना कळतं हे तुम्हाला माहीत आहे?

"म्हाईत हाय की."

"मग हे नाटक कशाला?"

मामांनी तंबाखूची चिमूट मळली. "कळल्यालं निराळं आन सांगितल्यालं निराळं, बाई. सांगितलं न्हाय तवर मानसाला चालता येतंय. एकदा सांगितलं की बसतंय खाली. आन मग तोंड बगाया कवा पोचायचं?"

हे मला तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर पूर्ण अजूनही पटत नाही. कारण त्या पद्धतीने एकदा घोटाळा केलाच. पेठेतला एक म्हातारा गेला. त्याचा मुलगा लहानपणापासून आजोळी, सांगोल्याकडच्या एका मळ्यावर वाढलेला. त्याला मामांची ही ख्याती ठाऊक नव्हती. "आबा आटवन काढत्यात" हे त्याने जसंच्या तसं घेतलं. "खळं उरकतो आन उद्या येतो," म्हणाला. मामांनी दोनदा सुचवलं, तिसऱ्यांदा सुचवलं, पण तोंडातून 'गेला' हा शब्द काही काढला नाही. शेवटी एकटे परत आले. उन्हाळ्याचे दिवस, थांबणार किती, माती उरकून टाकली. मुलगा दुसऱ्या दिवशी बापासाठी मळ्यातली कलिंगडं घेऊन आला. अंगणात कुणीच नाही म्हणून हाका मारत आत गेला.

त्यानंतर मामा कितीतरी दिवस टपरीवर दिसले नाहीत. पुढे त्यांनी एक वाक्य वाढवलं, "हाय त्या कापडांवर चला." त्यात समजणाऱ्याला समजावं. तरी 'गेला' म्हणाले नाहीतच.

आणि मग एका गुरुवारी, चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवत असताना, वर्गाच्या दारात मामा उभे राहिले. टोपी हातात. "बाई, जरा पानी मिळंल का?"

मी बघा, इतकी फटकळ. या माणसाशी इतके वाद घातलेले. मी सरळ विचारायला हवं होतं, कोण गेलं. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं, तर "मुलींनो, पुढची दोन उदाहरणं करा." मामांना माठातलं पाणी दिलं. ते म्हणाले, "घरी पावनं येनार हायत. चला हाय तसं." मी पर्स घेतली, मुख्याध्यापिकांना सांगितलं आणि निघाले. वाटेत मी मामांना सहामाही परीक्षेचे पेपर यंदा किती वाईट आलेत ते सांगितलं. भागाकार मुलींना का येत नाही त्याची कारणं सांगितली. ते नीट ऐकत होते, मध्ये मध्ये "व्हय की" म्हणत होते. माझे पाय चालत होते. मी एकदाही विचारलं नाही. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले आणि म्हणाले, "बाई, वडील गेलं तुमचं. तार आलीया." तेव्हा माझे पाय गेले. मामांनी टपरीवरचा बाक पुढे ओढला होता, आधीच.

रत्नागिरी इतकी दूर की वडिलांचं तोंड मला दिसणार नव्हतंच. तरी मामा गाडीत बसवायला आले आणि कंडक्टरला म्हणाले, "ह्यांस्नी खिडकीला बसवा. मायेरी चालल्यात." त्याहून जास्त काही सांगितलं नाही.

मामांच्या आईला मी ओळखत होते. एका संक्रांतीला मामांनी आम्हा दोघांना हुरडा खायला गावी नेलं होतं. मंगळवेढ्याच्या पुढे उतरून काळ्या रानातून चालायचं. म्हातारी एकटी राहायची, सोलापूरला यायला तयार नसायची. मामांसारखंच नाक आणि मामांहून दुप्पट जीभ. लेकाला म्हणाली, "तू घरात शिरलास की माजं काळीज हलतंय रं. तुजी सावलीच वंगाळ." आणि त्याच्या पुढ्यात हुरड्याचा ढीग ओतला. मामा खाली मान घालून हसत होते.

मेच्या सुट्टीत, सकाळी दहाच्या सुमाराला, अडतीवर ज्वारीच्या पोत्यांची थप्पी कोसळली. खाली मामा होते. पोती काढेपर्यंत काही उरलं नव्हतं. हातगाडीवरून त्यांना गल्लीत आणलं आणि त्यांच्या खोलीसमोर ठेवलं. डोक्याला लागलं होतं, चेहरा मात्र तसाच होता. सगळी गल्ली बाहेर आली, पण रडत कुणीच नव्हतं. उभे होते सगळे. जो माणूस दारात थांबू नये असं आम्हाला रोज वाटायचं तो आता दारात होता, आणि कुणाला काही सुधरत नव्हतं.

बर्फाच्या लाद्या आणायला कुणी गेलं. लाकडांचं कुणी बोललं. मग घरमालक म्हणाले, "म्हातारीला आनाया पायजे. कोन जातंय?" आणि त्यांनी सवयीने टपरीकडे बघितलं. आम्हीही सगळ्यांनी तिकडे बघितलं. इतक्या वर्षांत हे काम दुसऱ्या कुणी केलेलंच नव्हतं. कसं करायचं हे एकालाही ठाऊक नव्हतं. म्हातारीचं घरही मी आणि हे सोडून कुणी बघितलेलं नव्हतं, आणि हे ड्यूटीवर होते.

"संध्याकाळपतोर थांबू," घरमालक म्हणाले. "त्येच्या म्होरं न्हाय थांबता यायचं. ऊन बगा की." म्हणजे संध्याकाळच्या आत त्या आईला तिच्या मुलाचं तोंड दिसायला हवं होतं, आणि ते माझ्यावर होतं.

एसटीत मी सारखी घोकत होते. पाणी मागायचं. ज्वारीचं विचारायचं. ज्वारी तर निघालेली, मग कशाचं? मामांना कणकण आहे म्हणायचं? की थेट सांगून टाकायचं, आमच्याकडच्यासारखं? ती पंचाहत्तरीची बाई काळ्या रानात मटकन बसली तर तिला उचलून फाट्यापर्यंत कोण आणणार? आयुष्यात पहिल्यांदा मला मामांचा खूप राग आला. हे असलं काम मागे ठेवून गेले म्हणून.

म्हातारी दारात शेण्या रचत होती. मला बघून हात थांबला. माझ्या मागच्या वाटेकडे तिने एकदा बघितलं. वाटेवर कुणी नव्हतं.

"येकटीच आलीस?"

"हो," मी म्हटलं. तिने हात धुतले आणि न मागताच पाणी आणून दिलं. मी पीत असताना ती माझ्याकडे बघत होती. मी डोळे वर केले नाहीत.

"लई ऊन झालं, पोरी," ती म्हणाली. "टेक जरा."

"टेकत नाही, आई. दोनची गाडी... मामांनी..."

"व्हय," ती म्हणाली. "चल की मग. हाय त्या कापडांवर येतो."

तिने शेळी शेजारी बांधली. दाराला कडी घातली. रानातून चालताना तिने माझा दंड धरला होता, आणि मला वाटलं ती आधारासाठी धरतेय. थोड्या वेळाने लक्षात आलं, मी अडखळत होते आणि ती मला सांभाळून नेत होती. सगळा रस्ता ती बोलत राहिली. कडब्याचं बोलली, शेळी गाभण आहे ते सांगितलं, मला मूल कधी होणार विचारलं. गाडीत मला खिडकीची जागा दिली. मी बाहेर तोंड करून बसले. सोलापूर जवळ आलं तशी ती गप्प झाली, फक्त माझा हात मांडीवर घेऊन चोळत होती. तिचे तळवे खरखरीत होते.

गल्लीच्या तोंडाशी मी थांबले. इथे सांगायचं असतं. ती पण थांबली, वाट बघत. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. तिने पुढे घोळक्याकडे बघितलं, पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि चालू लागली. लोक बाजूला झाले.

ती मामांच्या उशाशी बसली. ऊन उतरलं होतं, अजून उजेड चांगला होता. तिने चादर छातीपर्यंत खाली केली. केस मागे सारले. मिशीला लागलेली ज्वारीची भुकटी पदराच्या टोकाने पुसली. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं हाताने बघितलं. तोंड दिसलं होतं तिला. डोळ्यांत टिपूस नव्हता. बायका एकमेकींना खुणावू लागल्या. घरमालकीण वाकून म्हणाली, "म्हातारे, रड की. मोकळी हो." तिने ऐकलं नाही. ती तशीच बसून राहिली, त्याचा कान दोन बोटांत धरून.

मग मान वर करून ती घोळक्यात कुणाला तरी शोधू लागली. मला बघितल्यावर थांबली.

"बाई," ती म्हणाली, "मला आनाया तू आली हुतीस न्हवं?"

मी पुढे झाले. "हो, आई."

"मग सांग की आता."

सगळी गल्ली ऐकत होती. तिच्या हातात त्याचा कान होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "आई, तुमचा मुलगा गेला."

"व्हय गं," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला.